लॉन विरळ होतंय? आधी मुळं बघा

प्रश्न : बंगल्यापुढे 400 चौरस फुटांचं मेक्सिकन लॉन आहे. माळी दरवर्षी लाल माती पसरतो आणि युरिया टाकतो. पाणी रोज संध्याकाळी दहा मिनिटं देतो. लॉन आठवडाभर हिरवं दिसतं, मग पुन्हा पिवळं आणि विरळ. आंब्याखाली तर नुसती मातीच उरली आहे. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लाल माती आणि युरिया, दोन्ही तूर्त बंद करा. तुमच्या वर्णनावरून मूळ दुखणं मातीत दिसतं. विरळ जागी खुरप्याने चार इंच लांब-रुंद आणि सहा इंच खोल ढेकूळ काढा. मुळं वरच्या इंचभरातच घुटमळत असतील आणि लाल मातीचे थर वेगवेगळे दिसत असतील, तर निदान झालं. बारीक कणांची लाल माती दरवर्षी पाण्याने चोपून बसते, हवा आत जात नाही आणि गवताचे फुटवे गाडले जातात. रोजच्या थोड्या पाण्याने मुळं वरच राहतात, म्हणून उन्हाचा चटका लगेच बसतो.

दुरुस्ती पावसाच्या सुरुवातीला करा. थंडीत हे गवत वाढतच नाही, त्या पिवळेपणावर औषध शोधू नका. आदल्या दिवशी पाणी द्या. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही, की बागेचा काटा (गार्डन फोर्क) दर पाच-सहा इंचांवर चार इंच खोल रोवून थोडा हलवा. चिखलात हे काम केलंत तर माती आणखी घट्ट होईल. नंतर दोन भाग धुतलेली भरड वाळू आणि एक भाग चाळलेलं कंपोस्ट खत असं मिश्रण अर्धा सेंटिमीटर पसरून झाडूने भोकांत लोटा. तुमच्या लॉनला साधारण 12-13 घमेली लागतील. गवताची टोकं वर दिसलीच पाहिजेत.

तीन आठवड्यांनी 200 ग्रॅम युरिया कोरड्या वाळूत मिसळून कोरड्या गवतावर फेका आणि लगेच भरपूर पाणी द्या. दाणे पात्यांवर राहिले तर पाती करपतात.

पिवळेपणाही नीट बघा. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. तिथे युरिया वाया जातो. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग सहज निघत नाहीत.

पाणी सकाळी द्या, पण रोज नको. लॉनवर सरळ कडांचे चार-पाच डबे ठेवा आणि त्यांत 12 मिलिमीटर पाणी साठायला किती वेळ लागतो ते मोजा. तेवढा वेळ आठवड्यातून दोनदा, कडक उन्हाळ्यात तीनदा. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका.

आंब्याखाली मात्र हट्ट सोडा. दाट सावलीत आणि झाडाच्या मुळांच्या स्पर्धेत हे गवत टिकत नाही. तिथे स्पायडर प्लँट किंवा सिंगोनियम लावा.

प्रश्न : ऑगस्टमध्ये लॉनचे तुकडे पिवळे पडले. हाताने ओढले तर चटईसारखे उचलले जातात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, असण्याची शक्यता मोठी आहे. फूटभर चौकोन उकरा. तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मुळं कुरतडताना सापडतील. उकरलेल्या भागातल्या वेचून मारा. बाकी लॉनवर 100 चौरस फुटांना 20 ग्रॅम मेटाऱ्हिझियम दोन किलो शेणखतात मिसळून, ओल असताना संध्याकाळी पसरा आणि पाणी द्या. ही उपयुक्त बुरशी आहे, त्यामुळे त्या काळात बुरशीनाशक वापरू नका. पुढच्या वर्षी वळवाचा पाऊस झाला की रात्री कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. भुंगेऱ्यांनी अंडी घालण्याआधी हे केलंत तर ऑगस्टमध्ये उकरायची वेळ सहसा येत नाही.