सी ड्राइव्ह लाल झालीय, फोटो डिलीट करूनही जागा होत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की 128 जीबीचा विंडोज लॅपटॉप आहे, सगळे फोटो उडवले तरी ड्राइव्ह फुलच दाखवतंय आणि आता विंडोज फोल्डरमधलं काहीतरी काढायचा विचार चाललाय. त्या फोल्डरला प्लीज हात लावू नका, आतल्या फाइली हाताने उडवल्या तर मशीन चालूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

आणि फोटो बहुतेक अजून रिसायकल बिनमध्येच असतील, म्हणून तर जागा सुटली नाही. बिन लगेच रिकामी करू नका, आधी खरी जागा कुणी खाल्लीय ते बघू.

मागच्या दिवाळीत मामीच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. 128 चे विंडोज 119 च दाखवतं (कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने, त्यात गडबड काही नाही) आणि त्यातला 1 जीबीसुद्धा शिल्लक नव्हता, मामी बिचारी ताईच्या लग्नाचे फोटो एकेक बघून डिलीट करत बसली होती, डोळ्यात पाणी. मी विझट्री टाकलं, फुकट आहे, मिनिटभरात सगळी फोल्डरं मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून दाखवतं. सगळ्यात वर काय, तर ॲप-डेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमधला 44 जीबीचा आयफोनचा बॅकअप, आणि तो फोन मामाने कधीचाच विकलेला! आयट्यून्समध्ये एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हाइसेस मध्ये जाऊन तो काढला आणि लग्नाचे सगळे फोटो बिनमधून रिस्टोर केले.

तुमच्याकडे आयफोन नसेल तर दुसरं काहीतरी निघेल. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जा. नुकतंच मोठं अपडेट झालं असेल तर जुनी विंडोज तिथे दिसेल, ती एकटीच बरीच जागा अडवते, 10 दिवसांनी आपोआप जाते पण नवीन नीट चालत असेल तर आधीच काढली तरी चालतं, फक्त मग जुन्यावर परत जाता येत नाही. त्याच यादीत डाउनलोड्स पण असतं आणि रिसायकल बिन पण, त्या दोन्हींवर टिक करू नका, डाउनलोड्समध्ये लोकांचे मार्कशीट, आधार, बँकेचे कागद पडलेले असतात, ते फोल्डर स्वतः उघडून निवडा.

हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करणं) वापरत नसाल तर ते बंद करून पण जागा सुटते, त्याची फाइल साधारण रॅमच्या 40 टक्के असते, 8 जीबी रॅम असेल तर 3 जीबीच्या वर. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून इंग्रजीत पॉवर आणि त्याला जोडूनच सीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ असं टाइप करून एंटर मारा. याने फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, लॅपटॉप चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल.

एवढं करून विझट्रीत वरची तीन-चार नावं काय येतात ते इथे टाका, काय काढायचं ते बघून सांगतो, तोपर्यंत फोटो बिनमध्येच राहू द्या.