डिझेल जनरेटरच्या वीजकेंद्रात बायोडिझेल मिसळून चालेल का?

चालतं की! इंडोनेशियातल्या दूरच्या बेटांवर डिझेल जनरेटरच वीज देतात आणि तिथे पामतेलाचं बायोडिझेल मिसळणं सक्तीचं आहे: 2020 पासून 30 टक्के, 2023 पासून 35, 2025 पासून 40.

इंजिनापेक्षा टाकीच जास्त छळते. बायोडिझेल जुन्या टाकीच्या तळाचा गाळ सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर भराभर तुंबतात; दोन-तीन जादा आणून ठेवा. ते पाणीही धरतं, मग आत जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. जुने रबरी सील तर फुगतातच. उष्मांक थोडा कमी, पण 20 टक्क्यांच्या मिश्रणात इंधनाचा खप जेमतेम एक-दोन टक्के वाढतो. रोज चालणाऱ्या जनरेटरला ठीक. वर्षातून चारदा सुरू होणाऱ्या स्टँडबायमध्ये मी तरी घालणार नाही, पडून खराब होतं.