‘येतो’ म्हणायचं तिथे ‘जातो’

प्रश्न : मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत आहे. रात्री साडेआठला, म्हणजे मेक्सिको सिटीत सकाळी नऊला, आमचा कॉल असतो. ‘येतोयस ना?’ असा तिकडून मेसेज आला की मी स्पॅनिशमध्ये ‘आओरीता बेंगो’ असं लिहितो, ‘आत्ता येतो’ या अर्थानं. तिथली सहकारी हसण्याची चित्रं पाठवते. ईर-बेनीर (जाणं-येणं), येबार-त्राएर (नेणं-आणणं) या जोड्यांत माझी कायम गडबड होते. पेदीर (मागणं) आणि प्रेगुन्तार (विचारणं) यांमध्येही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : हसणारच ती. मेक्सिकोत ‘आओरीता बेंगो’ हे जागेवरून उठून बाहेर निघालेला माणूस म्हणतो, आपण ‘आलोच हं’ म्हणून सटकतो तसं. तुम्ही येताय आणि तिला वाटतंय, हा चालला! तुम्ही लिहायला हवं ‘आओरीता बॉय’. ‘बॉय’ म्हणजे ‘जातो’.

मराठीत आपण समोरच्याच्या जागेवरून बोलतो. मैत्रीण गडकरी रंगायतनच्या दारात ताटकळत असते आणि मी ठाणे स्टेशनातून फोनवर सांगते, ‘दहा मिनिटांत येते.’ स्पॅनिश माणूस बोलताना स्वतःची जागा सोडत नाही. मी आहे तिथे कुणी आलं तर बेनीर. इथून दुसरीकडे जायचं तर ईर, मग तिथे ऐकणारा का उभा असेना. ‘माझ्याबरोबर चल’ म्हणताना मात्र ‘बेन कोनमीगो’ चालतं. गंमत म्हणजे बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेत आपल्यासारखंच ‘येतो’ म्हणतात.

निरोप घेतानाही ‘मे बॉय’, म्हणजे चक्क ‘मी जातो’. आमच्या आईसमोर असं बोलायची कुणाची टाप नव्हती. माझ्या शिकवणीतली मुलंही हे म्हणताना आधी जरा कचरतात.

येबार-त्राएरला हाच नियम. ‘उद्या तुझ्याकडे चकल्या घेऊन येते’ इथे येबार, कारण चकल्या माझ्यापासून लांब चालल्या. ‘येताना इकडे दही आण’ इथे त्राएर.

पेदीर-प्रेगुन्तारचा घोळ इंग्रजीमुळे होतो, तिथे दोन्हीला एकच क्रियापद चालतं. तुम्ही इंग्रजीला मध्ये घेऊच नका. मागणं म्हणजे पेदीर, विचारणं म्हणजे प्रेगुन्तार. कॉफी मागा, वेळ विचारा. माफीसुद्धा ते आपल्यासारखी मागतातच, पेदीर पेर्दोन. प्रश्न मात्र ‘विचारत’ नाहीत, ‘करतात’ : आसेर ऊना प्रेगुन्ता.