'डिस्क्रीट'चा विवेक

प्रश्न असा आहे: 'डिस्क्रीट क्वांटम ग्रॅव्हिटी' (अवकाश आणि काळ सलग नसून दाण्यादाण्यांचे आहेत असं मानून गुरुत्वाला क्वांटमचे नियम लावणारा विचार) याचं 'विवेकी पुंज गुरुत्व' हे भाषांतर वाचलं, ते बरोबर आहे का? आणि 'डायनॅमिक्स'ला 'गतिकी' चालेल का?

'विवेकी' अजिबात नाही! इंग्रजीत एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत: discrete म्हणजे सलग नसलेला, वेगवेगळ्या घटकांचा; शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल होऊन discreet झालं की तारतम्याने वागणारा माणूस होतो. गुरुत्वाला कसलं तारतम्य? 'विविक्त' म्हणा. हिंदीत विविक्त गणित केव्हाच रुळलंय.

गंमत म्हणजे चुकणाऱ्याने नकळत मुळावरच बोट ठेवलंय. संस्कृत 'विच्' म्हणजे वेगळं करणं, त्यातही धान्य पाखडणं. त्यातूनच विवेक आणि विविक्त हे दोन्ही आले. गीतेतला 'विविक्तसेवी' म्हणजे गर्दीतून वेगळा होऊन राहणारा. आता लॅटिन बघा: 'केर्नेरे' म्हणजे चाळणं, त्यावरून 'डिस्क्रेटुस', आणि त्यातून इंग्रजीतले ते दोन्ही जुळे. तिकडे चाळणी, इकडे सूप, काम एकच!

'विविक्त जड आहे, सरळ सुटे म्हणा' असं सुचवणारे भेटतात. सुटे पैसे ठीक आहेत. पण भौतिकशास्त्रज्ञ राफाएल सॉर्किन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेला कार्यकारण-संच घ्या. त्यात अवकाशकाल म्हणजे घटनांचे दाणे, आणि कोण कोणाच्या आधी एवढंच त्यांचं नातं. कुठल्याही दोन घटनांच्या मध्ये मोजून संपतील इतक्याच घटना. लांबी, वेळ, आकारमान सगळं या क्रमातून आणि मोजणीतून काढायचं. नातं हेच भांडवल असलेल्या दाण्यांना सुटे कसं म्हणणार? पाखडलेले म्हणा हवं तर.

विश्वकोशात क्वांटम थिअरीला दिलेल्या 'पुंज सिद्धांत' या नावावरही माझा जुना राग आहे. पुंज म्हणजे रास. क्वांटम म्हणजे त्या राशीतला दाणा, जो आणखी फोडता येत नाही. म्हणजे नाव नेमकं उलटं ठेवलं! रुळलंय म्हणून सोसायचं.

हां, गतिकी. डायनॅमिक्स म्हणजे एखादी गोष्ट कशी बदलत जाते त्याचे नियम. पण कार्यकारण-संच कसा वाढतो याचं डेव्हिड राइडआउट आणि सॉर्किन यांनी जे प्रारूप मांडलं, त्यात हलत काहीच नाही. एकेक घटना जन्मते, कोणाच्या पुढे जन्मेल ते संभाव्यता ठरवते. फक्त आधी जन्मलेल्या कोणाच्याही भूतकाळात ती घुसू शकत नाही. याला गती म्हणायचं? मी 'वाढीचे नियम' लिहितो. तुम्हाला परीक्षेत लिहायचं असेल तर गतिकीच लिहा.