भाच्याचा मोबाइल काढून घेऊ नका, मित्रही तोडायला लावू नका

17 वर्षांच्या भाच्याच्या ग्रुपमधले दोघे-तिघे सिगारेट ओढतात, रील्समध्येही धुराची वर्तुळं सोडणारेच दिसतात, तर मोबाइल काढून घ्यावा की मित्र तोडायला लावावेत, असं विचारलंय. दोन्ही नको. त्यानं मैत्री तुटत नाही, ती फक्त तुमच्यापासून लपते.

या वयात मुलाला सिगारेटचं महत्त्व कुणी पटवून देत बसत नाही. "सगळेच ओढतात" एवढा समज पुरतो, आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो: आपल्या वयाचे किती जण ओढतात याचा अंदाज मुलं जास्तच बांधतात. ओढणारा नजरेत भरतो, न ओढणाऱ्याचा व्हिडिओ कोण टाकणार? त्यात फीडची भर. पुढे काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या ॲपच्या अल्गोरिदमला लाइकच लागतो असं नाही. व्हिडिओवर थांबलं, पुन्हा पाहिला, कुणाला पाठवला, की आवड नोंदली गेली. "शी, काय हे" म्हणत शेवटपर्यंत पाहिलेलाही त्यातच जमा. फेसबुक-इन्स्टाग्रामनं डिसेंबर 2019 मध्ये व्हेपिंग (ई-सिगारेट) आणि तंबाखूची इन्फ्लुएन्सरांमार्फत पैसे देऊन होणारी जाहिरात बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण हौसेनं टाकलेले व्हिडिओ त्या नियमाखाली येत नाहीत.

तेव्हा फोन त्याच्याच हातात ठेवून शेजारी बसा. असा प्रत्येक व्हिडिओ "नॉट इंटरेस्टेड" करायला सांगा. ॲपमध्ये सोय असेल तर पाहिलेल्याचा इतिहास पुसा आणि सिगारेट-व्हेपचे शब्द, ग्रुपमधली टोपणनावं धरून, लपवायच्या यादीत टाका (ती टोपणनावं तुम्हाला माहीत नसतील, त्यालाच विचारा). फीड एका रात्रीत सुधारत नाही. मित्रानं पाठवलेले तसलेच रील तो उघडत राहिला, तर केलेलं पाण्यात.

मित्रांचं म्हणाल तर प्रभाव दोन्ही बाजूंनी चालतो. मित्र ओढतात म्हणून मुलगा ओढतो, आणि ओढावंसं वाटतं म्हणून तसे मित्रही शोधतो. यातलं काय आहे हे न ओळखता ग्रुप बदलला, तर नवा ग्रुपही तसाच निघतो.

"एक झुरका मार रे" याला उत्तर छोटं हवं: "नको, मी नाही ओढत." कारण दिलं की फसलं. "परीक्षा आहे" म्हटलं की "मग परीक्षेनंतर" हे ठरलेलंच. वाक्य घरी दोन-चार वेळा मोठ्यानं म्हणून घ्या, हसू आलं तरी चालेल. आणि ग्रुपमधला न ओढणारा एक तरी मित्र हेरून ठेवायला सांगा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातल्या, सारख्या लांबीची रेघ ओळखायच्या प्रयोगांत, बाकी सगळे मुद्दाम चुकीची रेघ बरोबर म्हणत असताना एकानं जरी खरं सांगितलं, तरी बाकीच्यांमागे जाण्याचं प्रमाण एकदम घसरलं होतं.

त्यानं आधीच सुरू केलं असेल आणि "कधीतरी एखादीच" म्हणत असेल, तर हिशेब नीट सांगा. रोज 1 सिगारेट म्हणजे 20 च्या तुलनेत विसावा धोका नव्हे. हृदयविकाराचा वाढीव धोका 20 ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात जागा सोडायची, पाणी प्यायचं, हात गुंतवायचे.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर निकोटिनची पकड बसलेली आहे. मग समजावण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे न्या. निकोटिनचे गम-पॅच या वयात आपल्या मनानं सुरू करायचे नाहीत.