ताप उतरला, पण अंगात त्राण नाही

प्रश्न : सासऱ्यांचं वय 74. तीन आठवड्यांपूर्वी फ्लू झाला. ताप गेला, पण खुर्चीतून उठायला आधार लागतो. वजन 62 वरून 58 किलोवर आलंय, जेवण दोन-चार घास. प्रोटीन पावडर, 50 मिलिग्रॅम झिंक, क आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या आहेत. काय द्यावं?

उत्तर : आधी पावडर, गोळ्यांचं नंतर बघू. त्यांचे स्नायू झिजलेत आणि ते गोळ्यांनी भरून येत नाहीत. त्याला प्रथिनं आणि उष्मांक लागतात. आजारातून उठलेल्या ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 58 किलोला सुमारे 70 ते 87 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 200 मिली दुधात 6-7 ग्रॅम. दोन-चार घासांत हे कसं जमणार? म्हणून पावडर. तिच्यातून दिवसाला किमान 400 किलोकॅलरी आणि 30 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, तीही निदान महिनाभर. डब्यावरचं जाहिरातीचं वाक्य सोडा, मागचा तक्ता वाचा. ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींत प्रथिनांपेक्षा साखरच जास्त असते.

देताना नेहमी होणारी चूक म्हणजे जेवणाच्या तोंडावर मोठा ग्लास. पोट भरतं, जेवण राहतं, आणि ‘पावडरीने भूक मेली’ असं खापर फुटतं. दोन जेवणांच्या मधे 100-100 मिली, घोट घोट द्या. आधी कोमट दूध, मग पावडर. उकळत्या दुधात गुठळ्या होतात. पिताना ताठ बसवा. दर घोटाला ठसका लागत असेल तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

सोबत हालचाल हवीच, नाहीतर निम्मी मेहनत वाया. खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा, कुणीतरी शेजारी उभं राहून. धाप लागली की बस.

महिन्याभरात 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरणं डॉक्टरांना कळवण्याजोगं आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), साखर तपासून घ्या. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिनांचं प्रमाण तेच ठरवतील.

आता गोळ्या. झिंकची प्रौढांसाठी वरची मर्यादा आहारासकट दिवसाला 40 मिलिग्रॅम. 50ची गोळी महिनोन्‌महिने चालली तर तांब्याचं शोषण अडतं. त्यातून रक्तक्षय, हातापायांना मुंग्या. ती बाजूला ठेवा. ड जीवनसत्त्व सत्तरीनंतर रोज 800 युनिट पुरतं. कमतरता निघाली तर डॉक्टर मोठी मात्रा देतात, पण आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली जाण्याचा घोळ घरोघरी होतो. मग रक्तातलं कॅल्शियम वाढून बद्धकोष्ठता, गोंधळलेपण येतं. क जीवनसत्त्वाने थकवा जाईल ही आशा सोडा. मोठ्या मात्रेने जुलाब मात्र होतात.

प्रश्न : आई थायरॉइडची गोळी आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेते. न्यूमोनियानंतर तिला मल्टिव्हिटॅमिन चालेल का?

उत्तर : चालेल, पण विचारून. कॅल्शियम किंवा लोह असलेली गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर किमान चार तासांनी. के जीवनसत्त्वाने वॉरफरिनचा परिणाम उतरतो, त्यामुळे कुठलंही पूरक सुरू किंवा बंद करताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तपासा. पावडरीतही के असू शकतं, तेव्हा डबा सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.