लाज वाटेल की राग येईल?

"मॅडम, पेपर तोंडावर आलेत आणि मेजर कुठलं घ्यायचं तेही ठरवायचंय. चुकीचं घेतलं तर?"

मी समुपदेशक, आणि गेली दोन वर्षं हे मी इतक्यांदा ऐकतेय की समोरच्यानं 'मॅडम' म्हटलं की पुढचं वाक्य मीच पुरं करू शकेन. नवीन शैक्षणिक धोरण कागदावर 2020 सालचं. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25पासून आलं आणि घराघरांत मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडीचा विषय, सुरू झालं. एका आजींनी तर मला विचारलं, "नातू मेजर होणार म्हणतोय, मिलिटरीत कधी गेला?" आमच्या वेळी एकच विषय धरायची वेळ टीवायला यायची, तोवर जरा मिसरूड फुटलेली असायची. आता बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाचे विषय हातात असतानाच कुठला पुढे न्यायचा, कुठला जोडीला ठेवायचा आणि कुठला सोडायचा ते सांगावं लागतं. तेही नेमकं दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आगेमागे. म्हणून एकेकाला वेगळं उत्तर देण्याऐवजी एका मुलाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

निनाद कळव्याचा. एफवाय बीएस्सी, केमिस्ट्री, बॉटनी आणि झूऑलॉजी. वडील एसटीत चालक, ड्युटी खोपट डेपोतून. पहिल्या दिवशी तो एकटाच आला आणि आल्या आल्या मोबाइलवर एक तक्ता उघडून माझ्यासमोर धरला. पहिल्या सेमिस्टरचे मार्क, प्रॅक्टिकलचे मार्क, बारावीचे मार्क, प्रत्येकाची सरासरी.

"यातून काही निघत नाहीये," तो म्हणाला. "तुमच्याकडे टेस्ट असते ना?"

असते. मी दिली. इथेच माझं चुकलं, पण ते कळायला मला दोन आठवडे लागले. अहवाल आला, तिन्ही विषयांना पुरून उरेल अशी बुद्धी, कुठेच ठळक कल नाही. निनादचा चेहरा उतरला. म्हणाला, "म्हणजे यातूनही नाही निघालं."

झोप उडाली होती. रात्री दीडला जाग यायची, मग पोटात गोळा. पुस्तकं पिवळ्या हायलायटरनं अशी रंगवलेली की न रंगवलेलं वाक्य शोधावं लागेल. गावाकडचा काका फोनवर बापाला म्हणाला होता, "पोराला ठाण्याला दाखवा." ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. सव्वाशे वर्षांत 'ठाणे' या शब्दाला सगळ्या महाराष्ट्रात जो वास चिकटलाय तो जात नाही. वडील हसून मला सांगत होते, "मी म्हटलं, आम्ही राहतोच ठाण्यात, अजून कुठं दाखवू?" हसले खरे, पण माझ्या जिन्यावरून उतरताना त्यांनी आधी रस्त्याकडे बघून घेतलं. हे मी रोज बघते. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून दोन गल्ल्या पलीकडे स्कूटर लावणारेही माझ्याकडे येतात.

वडिलांना मी बोलावलं होतं. कबूल करते, माझ्या डोक्यात एक कथा तयार होती. बापाला केमिस्ट्री हवी असणार, कारण रबाळे-तुर्भ्याच्या पट्ट्यात औषधांच्या आणि रसायनांच्या कंपन्या आहेत, नोकरी घराजवळ. पोराचा जीव बॉटनीत असणार, कारण शाळेत असताना त्याच्या वाळवलेल्या पानांच्या वहीला बक्षीस मिळालं होतं आणि तो रविवारी येऊरला झाडं बघायला जायचा. म्हणजे बापाशी बोलायचं, पोराला धीर द्यायचा, काम झालं.

वडील म्हणाले, "मॅडम, मी त्याला काहीच घे म्हटलेलं नाही. झाडांचं घे, बेडकांचं घे. फक्त पक्कं काय ते सांग. रोज रात्री नवीन सांगतो. मला पहाटेची गाडी असते."

माझी कथा तिथेच पडली.

तिसऱ्या वेळी मी टेस्ट, अहवाल सगळं बाजूला ठेवलं आणि साधं विचारलं, "संध्याकाळी अभ्यासाला बसतोस तेव्हा नक्की काय करतोस?"

"तिन्ही पुस्तकं काढतो. प्रत्येकाला पन्नास मिनिटं. अलार्म लावून."

"एखादा धडा अर्धा राहिला तर?"

"ठेवून देतो. नाहीतर अन्याय होतो."

"कुणावर?"

"विषयांवर." मग तो हळूच म्हणाला, "एकाला जास्त वेळ दिला तर त्यात जास्त मार्क पडतील ना. मग ते खरं धरता येणार नाही. ज्यात आपोआप सगळ्यात जास्त पडतील ते मेजर घेणार आहे."

"म्हणजे ठरवणार कोण?"

"मार्क. मग मला कुणी काही बोलू शकणार नाही."

ही मुलं आळशी असतात किंवा गोंधळलेली असतात असं पालक म्हणतात. निनाद दोन्ही नव्हता. त्यानं परीक्षेला न्यायाधीश नेमलं होतं. काही तासांच्या पेपरावर उभ्या आयुष्याचा निकाल लागणार असं एकदा धरून चाललं की हात थरथरणारच. जुळवायचं रासायनिक समीकरण समोर आलं की डोकं कोरं होणारच. आणि मी त्याला टेस्ट देऊन काय केलं होतं? वरच्या कोर्टात अपील लावून दिलं होतं.

मी ज्या विचारपद्धतीत तयार झाले ती, विवेकनिष्ठ मानसोपचाराची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे मराठीत रुजवली. तिचं सगळं शास्त्र इथे सांगत नाही. माझ्यापुरता त्यातला कणा एवढा: 'मला योग्य विषय मिळावा' ही इच्छा आहे, ती असू द्यावी, तिच्यामुळेच माणूस पुस्तक उघडतो. 'मला चुकून चालणारच नाही' ही अट आहे आणि पोटात गोळा अटीमुळे येतो. निनादला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली. हुशार मुलं मान लवकर हलवतात. त्या मानेवर मी आता विश्वास ठेवत नाही.

म्हणून त्या दिवशी दोनच गोष्टी ठरवल्या. पेपर संपेपर्यंत मेजर हा शब्द घरात काढायचा नाही. वडिलांनीही नाही, काकांनीही नाही. त्याच्या कॉलेजात पसंती निकालानंतर द्यायची होती, त्यामुळे हे शक्य होतं. तुमच्याकडे तारीख आधीची असेल तर आधी ती कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून या. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या तारखांनी घाबरलेली निम्मी मुलं माझ्याकडे येतात.

दुसरी गोष्ट हायलायटरची. तो मी काढून घेतला, खरोखर, माझ्या खणात ठेवला. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली केलेला एक प्रयोग मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. वाचताना वाटतं की येतंय, आणि आठवताना वाटतं की काहीच येत नाही. दुसरं वाटणं त्रासाचं असलं तरी कामाचं तेच. निनादला सांगितलं, एक धडा वाच, पुस्तक मीट, कोऱ्या पानावर आठवेल ते उतरव, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या शाईनं भर. तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या पानावर. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, टेबलाशी बसून. पलंगावर लोळत नाही. रात्री दीडला जाग आली तर उठून पुस्तक घ्यायचं नाही. मनात जे चाललंय ते चार ओळी लिहून काढायचं आणि परत आडवं व्हायचं. पेपर हातात आला की आधी सगळा वाचायचा आणि येणाऱ्या प्रश्नापासून लिहायला घ्यायचं, पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी असा काही कायदा नाही.

चौथ्या वेळी तो आला तेव्हा पेपरला आठवडा होता. झोप सुधारली होती, साडेपाच तास सलग. सगळं ठीक चाललं होतं. निघता निघता मी त्याला एक प्रश्न विचारला, आणि हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही, हे जरा अभिमानानं सांगते.

"समज, तिन्ही पेपरांत काठावर चाळीसच पडले. कशाची लाज वाटेल, आणि कशाचा राग येईल?"

तो परत बसला.

"बॉटनीत चाळीस पडले तर लाज वाटेल. सगळ्यांना माहितीये मी झाडांवाला. शाळेतल्या बाई अजून विचारतात."

"झूऑलॉजी?"

"काही नाही. केटी लागून पेपर परत द्यावा नाही लागला म्हणून बरं वाटेल."

"केमिस्ट्री?"

तो बराच वेळ गप्प. खाली गोखले रोडवर रिक्षांचा गोंगाट चालू होता. मग एकदम उसळला. गेल्या महिन्यातल्या प्रॅक्टिकलची हकिगत सांगायला लागला. आम्लाचं टायट्रेशन, म्हणजे बुरेट या खुणांच्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडत आम्ल किती ते मोजायचं, आणि फेनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा तो एका थेंबानं येणारा फिका गुलाबी रंग. पहिलं रीडिंग 9.8, दुसरं 9.9, तिसरं 10.4. पार्टनर म्हणाला, 9.9 लिही, कॉन्स्टंट बुरेट रीडिंग झालं, जर्नल भर, चल. सगळ्यांनी तेच केलं. हा मात्र अडून बसला. बुरेट उतरवून बघतो तर तोटीत हवेचा बुडबुडा अडकलेला होता, तो मध्येच सुटला म्हणून रीडिंग वाढलं होतं. बुरेट धुतली, पुन्हा भरली, पुन्हा 9.8. तेवढ्यात वेळ संपली, जर्नल अर्धं राहिलं आणि मार्क गेले.

"पार्टनरचा आकडा जवळजवळ बरोबरच होता, मॅडम," तो म्हणाला. आवाज चढला होता. "पण 10.4 का आलं, ते कुणालाच नको होतं!"

महिनाभरात त्या मुलाचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. मी काही बोलले नाही. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, तो थांबला, हसला, म्हणाला, "अरेच्चा."

लाजेला बघणारा लागतो. शाळेतल्या बाई, काका, रविवारचा येऊरचा ग्रुप. रागाला कुणी लागत नाही. बॉटनी त्याला आवडत नव्हती असं नाही, पण तिथे त्याला आपली ओळख सांभाळायची होती. केमिस्ट्रीत सांभाळायला काही नव्हतं, तरी तो एका बुडबुड्यासाठी मार्क घालवून बसला होता. आणि हे दिसायला मलाही उशीर झाला, कारण पोराचं मन एकीकडे आणि घरचे दुसरीकडे रेटतात ही गोष्ट माझ्या आवडीची आहे. माझ्या स्वतःच्या घरी ती घडलेली आहे. समुपदेशकानं आपली गोष्ट दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावी असं मी नवख्यांना शिकवते. शिकवते.

मात्र हा प्रश्न घरी घाईनं वापरू नका. एका मुलीला स्टॅटिस्टिक्सचा भयंकर राग येत होता. मी खूश झाले. खोदल्यावर कळलं, राग सरांचा होता, त्यांनी वर्गात तिची वही भिरकावली होती. म्हणून पुढचा प्रश्न हवाच: दुसरे सर असते तर? आणि आई-वडिलांनी हा प्रश्न विचारूच नये. त्यांच्यासमोर मूल लाजेचंच उत्तर देणार.

राग सापडला म्हणजे विषय ठरला, असंही नाही. निनादला मी पेपरनंतरच्या सुट्टीत कामं लावली. पहिल्या वर्षाच्या पुस्तकावरून विषय ओळखू नकोस, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढ आणि वाच. टॉपरला विचारू नकोस, साठ टक्केवाल्याला विचार. त्याला विषयाचा कंटाळा कुठे येतो ते ठाऊक असतं. टीवायच्या प्रयोगशाळेत परवानगी घेऊन एक दुपार नुसता उभा राहा. आणि काय बंद होतं, काय होत नाही, ते नीट समजून घे. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, एमबीएच्या प्रवेशालाही चालते. एमएस्सीला मात्र बहुतेक ठिकाणी त्याच विषयाची पदवी मागतात. म्हणजे निवडीला वजन आहे. 'काहीही घे, सगळं सारखंच' असं म्हणणाऱ्या प्रेरणादायी वक्त्यांवर माझा राग आहे, लाज नव्हे. तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, मध्ये सोडलं तरी एका वर्षावर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांवर पदविका, अशी सोय आता आहे. वाट चुकली तर परतायला वेळ आणि पैसा जातो. मुलांना हे असं स्पष्ट सांगितलेलं झेपतं.

आणखी एक. निनादची झोप उडाली होती, पण त्याला जगायचं होतं. ज्याची झोप आणि जेवण कित्येक आठवडे गेलंय, जो 'नको हे सगळं' असं बोलतोय, त्याला मेजर-मायनर बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री कुणी सुचलं नाही तर टेलीमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, आणि ती मराठीतही बोलते.

निकालानंतर निनाद आला. बॉटनीत एकाहत्तर, केमिस्ट्रीत अठ्ठावन्न. जुन्या तक्त्यानं बॉटनीच ठरवलं असतं. त्यानं मेजर केमिस्ट्री लिहिलं होतं, मायनर बॉटनी. वडिलांना सांगितलं का विचारलं, तर म्हणाला, "सांगितलं. म्हणाले, पक्कं? मी म्हटलं, पक्कं नाही, पण ठरवलंय. ते म्हणाले, बरं, झोपू दे मला."

मी खणातून त्याचा हायलायटर काढून दिला. जिन्यापर्यंत जाऊन तो वळला.

"मॅडम, चुकलं असेल तर?"

"असू शकेल."

"मग?"

"मग ये."

"फी तीच?"

"वाढलेली असेल," मी म्हटलं.